झेंड्यापुढचा नारळ

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि भोसरी गावचे सरपंच माननीय दौलतराव, तालुक्याहून मुद्दाम आलेले शिक्षणखात्याचे साहेब, खुर्चीत अवघडून बसलेले सत्कारमूर्ती यशवंतराव मास्तर, सतरंजीवरची मंडळी, भिंतीकडच्या मायबहिणी, आणि ज्यांचे दोन्ही मुलगे आज या व्यासपीठावर आहेत त्या पहिल्या रांगेतल्या मंजुळाबाई, आपणा सर्वांना अर्जुनराव गिरणीवाल्याचा नमस्कार.

साहेब गावाला नवे आहेत, म्हणून आधी खुलासा करतो. आपले अध्यक्ष आणि सत्कारमूर्ती सख्खे भाऊ आहेत. मास्तर थोरले. तरुणपणी नगरला ट्रेनिंगला गेले आणि ख्रिस्ती होऊन परतले. मंजुळाबाईंनी त्यांना उंबऱ्याच्या आत घेतले नाही. पुढे मास्तर गावोगावच्या शाळांत फिरले, आणि गेल्या उन्हाळ्यात आपल्याच शाळेचे हेडमास्तर म्हणून आले. आता लगेच जुन्नरपलीकडच्या शाळेत चालले. इतक्या लवकर का, हे कोणी सांगत नाही.

माझा स्वभाव संशयी आहे. गिरणीत दळण टाकणारा प्रत्येक जण म्हणतो, पीठ कमी आले. त्यामुळे माझाही कोणावर विश्वास राहिलेला नाही. आज हे हार पाहून मला पहिली शंका आली. मास्तरांच्या बदलीसाठी ज्यांनी तालुक्याला खेटे घातले, त्यांचेच हार सगळ्यांत जाड कसे? रंगराव, मान खाली घालू नका, हार छानच आहे.

झाले काय, तर पंधरा ऑगस्ट. गोव्याच्या सत्याग्रहाचे दिवस, गावातली पोरेही निघालेली. आपल्याकडे पद्धत अशी की, झेंड्याच्या काठीला हळदकुंकू लावायचे आणि हेडमास्तरांनी तिच्यापुढे नारळ वाढवायचा. मास्तरांनी झेंडा फडकवला. सलाम केला. राष्ट्रगीत मुलांच्या वरताण आवाजात म्हटले. मग नारळ हातात आला तेव्हा म्हणाले, "झेंड्याला सलाम रोज करीन. पूजा मला एकाचीच करता येते. नारळ दुसऱ्या कोणी वाढवावा."

दौलतराव पुढे आले. "दादा, देशापुढं वाकायला लाज वाटती का तुला?"

"सलाम केला ना, दौलत."

"सलाम तर आपण इंग्रजालाबी करत व्हतो!"

आणि त्यांनी तो नारळ असा आपटला, की पाणी माझ्या धोतरावर उडाले.

त्या दिवसापासून माझ्या गिरणीत गव्हापेक्षा संशय जास्त दळला गेला. गोव्यात पोर्तुगीज, पोर्तुगीज ख्रिस्ती, मास्तर ख्रिस्ती. गणित सोपे होते. कोणी म्हणाले, पुण्याहून सायकलवर पाद्री येतो, तो इथल्या बातम्या नेतो. एकदा पाद्रीबाबांची सायकल माझ्या दारातच पंक्चर झाली. मी त्यांना चहा पाजला आणि बोलते केले. तर तेच मास्तरांवर रागावलेले! म्हणाले, "तुमच्या मास्तरांच्या घरात देव्हारा आहे. मी जाब विचारला तर म्हणतात, देव्हारा आईचा आहे आणि आई माझी आहे. फुले कोण आणतो विचारले, तर म्हणतात, मी आणतो, वाहते ती."

घ्या! गावाला हा माणूस फार ख्रिस्ती वाटतो आणि पाद्र्याला फार कमी. असा माणूस एक तर पक्का लबाड असला पाहिजे, नाही तर... ते साहेबांनी ठरवावे.

मी मास्तरांनाच गाठले. म्हटले, "तुमच्यात म्हणे गुरू, म्हणजे येशू आधी, आणि आईबाप नंतर?"

"खरं आहे."

"आणि देश?"

"तोही नंतर."

"मास्तर, हे बाहेर बोलू नका."

ते म्हणाले, "अर्जुनभाऊ, आईनं माझं ताट अंगणात फेकलं होतं. पुन्हा तिचं तोंड बघायचं नाही, असं मी ठरवलं होतं. ज्याला मी पहिला मानतो, त्यानं मला परत धाडलं. माझ्या मनावर असतं तर या गावात मी पाऊल टाकलं नसतं."

आता मंजुळाबाईंचा देव्हारा मास्तरांच्या घरात कसा? कारण मास्तर आले आणि थोड्याच दिवसांत मंजुळाबाई आपले देव पदरात घेऊन सरपंचांच्या घरून शाळेच्या खोल्यांत राहायला गेल्या. हे पंधरा ऑगस्टच्या आधी झाले, मंडळी. म्हणून माझी शंका अशी, अध्यक्षमहाराज, माफ करा, की मास्तरांविरुद्धच्या तुमच्या तक्रारीत नाव देशाचे होते, पण परत हवी होती आई.

बसतो साहेब, बसतो. आटोपतच आलो.

आता हे तबक बघा. शाल आणि श्रीफळ अध्यक्षांच्या हस्ते द्यायचे आहे. नारळावर एवढे कुंकू मी लग्नातही पाहिले नाही. सभा इतकी का भरली, हे मला ठाऊक आहे. मास्तरांनी नारळ घेतला तर पाद्री धरणार, नाही घेतला तर गाव. आणि नाही घेतला की दौलतराव म्हणायला मोकळे, असल्या माणसाबरोबर माझी आई धाडू कशी? त्यांनी आईची खोली सारवून ठेवली आहे. मास्तरांना विचारले, तर म्हणाले, "तिला कोणी ओढायचं नाही. मीही नाही." मंजुळाबाईंना मात्र अजून कोणी...

थांबा. त्या उठल्या आहेत. वाट द्या त्यांना.

मंडळी, त्या बोलल्या ते मागे ऐकू गेले नसेल, म्हणून मोठ्याने सांगतो. त्यांनी तबकातला नारळ उचलला, पदराने कुंकू पुसले आणि म्हणाल्या, "दौलता, ह्यो माझ्याकडं ऱ्हाऊ दे. जुन्नर लांब हाय. वाटंत थोरल्याला भूक लागती."

अध्यक्ष म्हणाले, "आई, आन् मी?"

"तू येत जा की. एस्टी तुला बी बसू देती."

अध्यक्षमहाराज, त्या शालीने डोळे पुसू नका, ती मास्तरांना द्यायची आहे.

मला बोलू दिलेत, आपले आभार. संशयी माणूस मान देतानाही तोलून देतो. कमीजास्त बोललो असेन ते पोटात घाला. मंजुळाबाईंचे गाठोडे मी सकाळीच शाळेच्या दाराशी पाहिले होते, पण तेव्हा नुसतीच शंका होती. आता बाहेर एस्टी थांबल्यासारखी वाटते. दौलतराव, ते गाठोडे तेवढे उचला.