टेकडीवर तुटणारा फोन

...नाही, मला सांगा, आनंदाची बातमी सांगायची ही काय रीत झाली? गुरुवार, म्हणजे कँटीनमध्ये वाटाण्याचं सूप, मी त्यात मोहरीचा सॉस ढवळतोय, आणि आमच्या मोबाइल नेटवर्क टीमची बॉस रायली ट्रे घेऊन समोर बसते, अर्धा वाडगा संपवते, तोंड पुसते आणि मग म्हणते, "हं. कोर्पिमाकीच्या टॉवरवर आपला बदल टाकायला परवानगी आली. आजच चालू करू." बस! एवढंच! मी ओरडलो, तुम्हाला सांगतो, ओरडलो! आमच्या ओउलू शहरात कँटीनमध्ये कुणी ओरडलं की लोक आधी आग कुठे लागलीय ते बघतात!

पण ओरडू नको तर काय करू? कोर्पिमाकी ही आमची टेकडी हो! अलीकडे फाइव्ह-जी, पलीकडे अजून फोर-जीच. आणि त्या पलीकडे राहते माझी आई, लेंपी. बाबा गेल्यापासून एकटी. दर गुरुवारी दुकानातून सामान घेऊन गाडीनं घरी निघते, गाडीतल्या स्पीकरवर माझ्याशी बोलते, आणि मला तिला एकच विचारायचं असतं... आई, आमच्याकडे राहायला येतेस का? आता असा प्रश्न आमच्यात कुणी फोन उचलल्या उचलल्या विचारत नाही. आधी बर्फ किती पडला, मग लाकडं फोडून झाली का, मग शेजाऱ्याचा कुत्रा. मी आपला हळूहळू सरकत सरकत, "आई, मी काय म्हणत होतो..." की आली टेकडी! फोन तुटला!

का तुटतो? अहो, नुसत्या चौकशा! गाडी टेकडीवर आली की फाइव्ह-जीचा टॉवर पलीकडच्याला सगळं नीट कळवतो, की बाबा रे, लेंपीबाईंचा फोन येतोय, मुलाशी बोलतायत, सांभाळून घे. आणि पलीकडचा तो म्हातारा फोर-जी काय करतो? "थांबा! कोण आपण? कुठून आलात? कुणाशी बोलताय?" फोन बिचारा सांगतो. "बरं. कोण म्हणालात?" अरे, एकदा सांगितलंय ना, मग परत कशाला विचारायचं? तोवर गाडी उताराला, रेंज गुल!

आणि घरी पोचल्यावर आईचा परत फोन. "कोण, इल्पो? कुठेयस रे? जेवलास?" आई, एकदा सांगितलंय ना, मग परत कशाला...

तर आम्ही हेच छाटलं. मागच्यानं जे कळवलंय ते पुढच्यानं विचारायचं नाही. बैठकीत मी हे मांडलं तेव्हा सगळे आपापली कॉफी ढवळायला लागले, मला वाटलं, संपलं. मग रायली म्हणाली, "वाईट नाही." आमच्याकडे याच्यापुढे कौतुक नसतं, थेट पदकच!

तर त्या दुपारी फोन टेबलावर, स्पीकर चालू, रायली शेजारी, दोघांचे डोळे टॉवरांचं बोलणं दाखवणाऱ्या स्क्रीनवर. आई निघाली. बर्फ झाला, लाकडं झाली, कुत्रा झाला. "आई, मी काय म्हणत होतो..."

"हं, टेकडी आली रे. मोई मोई!" म्हणजे आमच्याकडचं 'अच्छा, येते'.

आणि मी? विचारायचं सोडून स्क्रीन बघतोय! ओळी सरकतायत... कळवलं... घेतलं... आणि चौकशी? एकही नाही! म्हाताऱ्यानं निमूट दार उघडलं हो! रायलीनं माझा दंड धरला... रायलीनं, जी स्वतःच्या लग्नातसुद्धा लोकांशी लांबूनच हात मिळवत होती! वायपरचा आवाज येतोय, इंजिनाचा येतोय, फोन जिवंत! मी "आई!" म्हणून ओरडणार, तेवढ्यात आईच बोलली. माझ्याशी नाही.

"बघितलंस, उर्हो?" उर्हो म्हणजे माझे बाबा. "आजही नाही विचारलं तुझ्या लेकानं. सूर लावतो, आणि टेकडी आली की सुटतो. मी कुठली जातेय शहरात? नाहीच म्हणणार आहे. मग आपला सौना कोण तापवणार, तो कुत्रा? पण एकदा विचारावं की नाही माणसानं?... हो, हो, दूध घेतलंय. तुला कायम वाटतं मी विसरते."

रायलीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कॉफी?" म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली.

आता तुम्हीच सांगा, काय करायचं मी? "आई, मी ऐकतोय" म्हणू? मी श्वास रोखून लाल बटण दाबलं. मीच! हा फोन तुटू नये म्हणून ज्यानं किती हिवाळे घालवले, त्यानंच!

हल्ली तो टॉवर कुणाला काही विचारत नाही. लोकांचे फोन सुखानं टेकडी ओलांडतात, आमच्या मजल्यावर केक कापला गेला, वरून अभिनंदनं आली. आणि दर गुरुवारी आई "मोई मोई" म्हणाली की मी आपण होऊन फोन तोडतो. तिला बाबांशी बोलायचं असतं हो.

"परत तुटला रे!" ती घरी पोचून सांगते. "कसले इंजिनिअर तुम्ही!"

"काम चालू आहे, आई."

आणि तो प्रश्न? उत्तर तर मिळालंय. रायलीला म्हटलं, एकदा कळलंय ना, मग परत कशाला विचारायचं? ती चष्म्यावरून नुसती बघत राहिली माझ्याकडे. कळतं हो मला. विचारायला हवं.

अजून विचारलेलं नाही.