विमानाच्या पंखांवरचं नाव

तुम्ही हसाल, पण मला अजून राग येतो. बाहेरगावी शिकून परत आल्यावर मी आमच्या कॅम्प पाच भागातल्या बुद्धविहाराच्या वाचनालयासाठी विमानाचं मॉडेल बनवलं. चंदेरी रंगाचे पातळ हात देऊन देऊन प्लास्टिक अगदी धातूचं दिसायला लागलं होतं. वस्तीतल्या पोरांनी पुस्तकातून मान वर केली की विमान दिसावं, एवढंच माझं स्वप्न.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी विहाराचे सेक्रेटरी गायकवाडकाका म्हणाले, "पंखांवर माझ्या वडिलांचं नाव टाक. टांगायची साखळी मी दिलीय."

"काका, विमानावर असं नाव टाकत नाहीत!"

"का? फॅनवर टाकलं, तर तो फिरायचा थांबला का?"

मी साफ नकार दिला आणि घरी गेलो.

सकाळी वाचनालयात येऊन बघतो तर काकांनी स्वतःच खोकी बंद करायची ब्राऊन टेप वर-खाली चिकटवून, मधे लाल रंगाने नाव काढलं होतं. नंतर त्यांनी टेप ओढून काढली तेव्हा तिच्यासोबत माझा चंदेरी रंगही सोलून आला होता.

"काका, या रंगावर कमी चिकटणारी टेप लावतात! तीसुद्धा आधी जीन्सच्या कापडावर दाबून, तिचा चिकटपणा कमी करून!"

"तुझा रंगच कच्चा, बाळा. माझं बघ, कसं पक्कं बसलंय."

विमान तसंच टांगलं. चौथीतल्या एका मुलीने सोललेले पंख पाहिले, 'कालकथित गायकवाड यांच्या स्मरणार्थ' हे अक्षराला अक्षर लावून वाचलं आणि मला हळूच विचारलं, "दादा, हे आजोबा याच विमानातून पडले का?"