हात? आहेत!

...आणि वर कॉपीबहाद्दर कुणाला म्हणतात, तर मला! अहो, तुम्हाला सांगतो, ज्याला स्वतःलाच उत्तर येत नाही तो दुसऱ्याला काय कप्पाळ सांगणार? सांगा, यात माझं काय चुकलं?

आता बघा, आमचा पत्र्याचे डबे करायचा कारखाना बंद पडला. उभी हयात तिथल्या पत्रा दाबायच्या मशीनवर, त्या प्रेसवर गेली हो! वरून दट्ट्या आला की पत्र्याचं झाकण तयार, आणि बोट मध्ये राहिलं तर बोटाचंही झाकण! म्हणून आमची रीत अशी, की पायाखालची पट्टी दाबायच्या आधी ओरडायचं, "हात?" की आजूबाजूचे सगळे हात वर करून ओरडणार, "आहेत!" मगच दाबायचं. सगळी बोटं घेऊन घरी आलो ते त्या ओरडण्यामुळे. यात काय चुकलं?

तर सरकार म्हणालं, घाबरू नका, नवीन काम शिकवतो. काय, तर कॉम्प्युटर! परीक्षा पास झालात की गोदामात नोकरी, तीही खुर्चीवर बसून! आम्ही सगळे प्रेसवाले एकाच वर्गात. शिकवायला मॅडम, माझ्या मुलीच्या वयाची. "काका, हलक्या हातानं हं, बटण आहे ते, खिळा नाही!" मी आपला हलक्या हातानं... पण दाबलं तरी वरून काही येत नाही, हेच मनाला पटेना हो! तोंडातून आपोआप निघायचं, "हात?" आणि अख्खा वर्ग, "आहेत!" पहिल्या दिवशी मॅडम टेबलाखाली शिरायचीच बाकी होती! पण पोरगी गुणाची, पुढे पुढे तीही हसत हात वर करायला लागली.

घरी बायकोचा धोशा, "अहो, तुम्ही दिवसभर घरात असलात की मला घर पुरत नाही, पास व्हा एकदाचे, आणि परीक्षेत तोंड उघडू नका!" खरं सांगू? मलाही ती नोकरी हवी होती हो. सकाळी उठून कुठं जायचं नसलं की माणूस स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा बसतो.

परीक्षेला बाहेरून साहेब आले. "बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत!" पहिलाच प्रश्न... मी उत्तर निवडलं, बटणावर बोट ठेवलं, ओठ गच्च मिटले... आणि आलंच की हो! "हात?" सगळ्यांचे हात वर, "आहेत!" साहेब ताडकन उठले. "खुणा करता? अख्खा वर्ग मिळून?" मॅडम धावली, "सर, सवय आहे हो त्यांची!" साहेब म्हणतात, "म्हणजे तुम्हीही सामील?" कारण घोटाळा असा झाला, की तिचाही हात वरच होता!

झालं! सगळे बाद, गोदामाची नोकरी गेली, निकाल शून्य म्हणून आमचा वर्गही बंद. दोस्त तोंड फिरवतात, बायको बोलत नाही. सांगा, माझं काय चुकलं?

काल म्हटलं, दुसरा एखादा कोर्स बघू, म्हणून पुन्हा त्या ऑफिसात गेलो, नोकरी गेलेल्यांच्या रांगेत उभा राहिलो, तर पुढे कोण? मॅडम! म्हटलं, "पोरी, माझ्यामुळे गं..." तर म्हणते, "जाऊ द्या काका, तुम्ही माझ्या पुढे उभे राहा." म्हटलं, नको बाई, राहा तूच पुढे... आता तुम्हीच सांगा, जिथं शिकवणारीच रांगेत उभी, तिथं शिकणाऱ्याचा नंबर लागायचा कधी?