कांदळवनाचा राखणदार

यवतमाळच्या बसस्थानकात माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारा लेकीला पोचवायला आला होता. मी पुस्तक उघडून बसलो होतो. ऐकायला नको होतं, पण ऐकलं.

“रुपाली, समुद्राकाठी चिखल कायले खोदून राह्यली तू?”

“मोजते, बाबा. पाच वर्षांमागं लावलेल्या कांदळवनानं हवेतला कर्ब मातीत किती साठवला, ते.”

“मंग? साठला?”

“नाही. उघड्या चिखलात जितका, तितकाच.”

“पाच सालाचं झाड काय देईन? वीस सालं थांबा म्हना.”

“पैसा देनारे नाही थांबत. आकडा नाही वाढला तं राखणदार बंद.”

“अन् तो गेला की?”

“म्हशी शिरतीन. सारं खाऊन टाकतीन.”

“मंग थोडा वाढवून लिव ना, माय! झाडं तं वाचतीन.”

“काल खराच पाठवला.”

“मोठी आली खरं लिवनारी! राखणदाराले मालूम हाय?”

“नाही. त्यालेच सांगाले चालली.”

“फोनवर सांग.”

“केलता फोन. मी सांगाच्या आधी तोच म्हने, ताई, झाडाले पयल्यांदा फुलं आले, पाहाले या.”