हात हलका ठेवा, काका

...नाही, पण मला एक सांगा, हात हलका म्हणजे नेमका किती हलका? काही माप आहे का त्याला? पाव किलो, अर्धा किलो, काहीतरी आकडा सांगा ना! ती मुलगी आपली दर पाच मिनिटांनी मागून येते, माझ्या खांद्यावरून वाकून बघते आणि गोड आवाजात म्हणते, “काका, हात हलका ठेवा.” अहो, चौतीस वर्षं मी कचेरीत शिक्के मारले! आमच्या साहेबांचा दंडकच होता, शिक्का असा बसला पाहिजे की खालच्या तीन कागदांना कळलं पाहिजे. चौतीस वर्षं टेबल हादरवल्यावर हात हलका राहतो का कुणाचा? आमच्या घरातल्या एकाही कपाला कान नाही. नळ मी बंद केला की तो दुसऱ्या कुणाला उघडत नाही, मलाच हाक मारतात. मागच्याच महिन्यात हिचा चष्मा पुसायला घेतला, नुसता पुसायला, तर दांडी माझ्या हातात आणि काचा जमिनीवर! तेव्हापासून माझा एकच चष्मा आम्ही दोघं वापरतोय, नंबर सारखाच आहे, तेवढं नशीब. आणि असा हा माणूस, तुम्हाला सांगतो, त्रेसष्टाव्या वर्षी कुलुपं उघडायच्या छंदवर्गाला जाऊन बसला!

हसू नका. चोरीबिरीचं नाही हो ते, छंद आहे! कुणी तिकिटं जमवतं, कुणी पक्षी बघत फिरतं, तसे हे लोक किल्लीशिवाय कुलूप उघडतात, उघडलं की खूश होतात आणि परत बंद करतात. मिळत काही नाही. ग्रंथालयाच्या मागची खोली, दर बुधवारी दुपारी चार ते सहा, लांबलचक टेबल, त्यावर हिरवं कापड, आणि प्रत्येकापुढे एक कुलूप, एक पट्टी, एक काडी. पट्टी वाकडी असते, ती किल्लीच्या भोकात खालून सारायची आणि किल्ली फिरवतो तशी किंचित दाबून धरायची. काडीला पुढे आकडा असतो, तिनं आतल्या पिना चाचपत एकेक वर ढकलायची. पाच पिना! पाचही जागेवर बसल्या की कुलूप आपणहून फिरतं. ऐकायला किती सोपं, नाही? पट्टी जोरात दाबली तर पिना अडकून बसतात, ढिली सोडली तर सगळ्या धडाधड खाली, आणि या दोहोंच्या मधे कुठेतरी तो हलका हात असतो म्हणे. पहिल्या दिवशी मी दोन काड्या मोडल्या. दुसऱ्या बुधवारी पट्टी... वाकडी असते म्हणालो ना? मी सरळ केली.

शिकवणारी ती मुलगी एरवी कानाची मशीनं दुरुस्त करते, त्यामुळे तिला सगळंच ऐकू येतं. “ऐका काका, कुलूप सांगतं.” काय सांगतं? मला तर ते एक अक्षर सांगत नाही! आणि शेजारी कोण, तर दातांचे डॉक्टर. ते कुलूप हातात घेतात, आत वाकून बघतात, सवयीनं पुटपुटतात, “दुखलं तर हात वर करा हं,” आणि खट्, उघडलं! दुसऱ्या बाजूला शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका बाई. त्या काडी थांबवतात, कुलपावर नजर रोखतात आणि म्हणतात, “तू. तिसरी. तुझ्यामुळे सगळा वर्ग खोळंबलाय.” आणि ती पिन बसते हो! गुपचूप जाऊन बसते! मी माझ्या पिनांना विनवण्या करून पाहिल्या, दम देऊन पाहिला, वर मागून पुन्हा तेच, “काका, हात हलका.”

आता तुम्ही विचाराल, मग जाता कशाला? सांगतो ना! पेटीसाठी. आमच्या हिची एक लोखंडी पेटी आहे, लग्नात तिच्याबरोबर आलेली, आणि तिला पितळी कुलूप आहे, ते तिच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं लावलेलं. त्यात तिचं ठेवणीतलं सटरफटर आणि आमच्या लग्नाच्या फोटोंचा अल्बम. अकरा वर्षांपूर्वी आम्ही घर बदललं तेव्हा ती किल्ली हातात धरून म्हणाली, “ही कुठे ठेवू?” आणि मी म्हणालो, आण इकडे, मी नीट ठेवतो. झालं! इतकी नीट ठेवली, इतकी नीट ठेवली की अजून कुणाला सापडलेली नाही. कुलूपवाल्याला बोलावलं असतं तर तेव्हाच मिटलं असतं, पण बोलावलं म्हणजे किल्ली हरवली हे कबूल केलं ना! मी आपलं अकरा वर्षं एकच धरून बसलो, किल्ली घरातच आहे. ती भांडली नाही, रुसली नाही, तिनं फक्त ते वाक्य सांभाळून ठेवलं. छत्री सापडेना, “यांनी नीट ठेवली असेल.” कात्री सापडेना, “यांनी नीट ठेवली असेल.” पाहुण्यांदेखत!

आणि आता झालं काय, की आमच्या लग्नाला एका रविवारी चाळीस वर्षं पूर्ण व्हायची होती आणि लेकीनं महिनाभर आधी जाहीर केलं की अल्बममधला फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा. पेटीला कुलूप आहे म्हटल्यावर जावई खुर्चीतून अर्धे उठलेच. जावई गुणी आहेत, त्याबद्दल वाद नाही, पण त्यांनी नुकतंच पत्रा कापायचं मशीन घेतलंय आणि घरात कापण्यासारखं काही उरलेलं नाही. “बाबा, कडी कापायला दोन मिनिटं लागतील. नुसता आवाज होईल, बाकी काही नाही.” मी हिच्याकडे पाहिलं. ती विणत होती, सुया थांबल्या नाहीत, पण तिनं वर पाहून त्या कुलपाकडे एकदाच पाहिलं... वडिलांनी लावलेलं कुलूप, आणि ते कापायचं कशामुळे? माझ्या नीट ठेवण्यामुळे! मी म्हणालो, मशीन लागणार नाही, त्या रविवारपर्यंत मी उघडतो. आवाज इतका ठाम निघाला की मीच दचकलो.

म्हणून छंदवर्ग! वर्गातून सरावाचं एक कुलूप आणि पट्टी-काडी घरी मिळाली, मग रोज संध्याकाळी मी सोफ्यावर बसून सराव करायचो आणि हिला समजावून सांगायचो, हे बघ, ही पट्टी, ही अशी धरायची, ही पहिली पिन, आता ऐक, टिक् झालं का? नाही झालं. ती सुया चालवत “हं” म्हणायची. आता विणणाऱ्या बाईला यात काय कळणार, असं मला आपलं वाटायचं. वर त्या शिकवणाऱ्या मुलीनं मला वर्गात चष्मा आणायलाही बंदी घातली. “काका, तुम्ही डोळ्यांनी उघडायला बघता. चष्मा घरी ठेवून या, बोटांना ऐकू द्या.” ठेवला! तिसऱ्या बुधवारी चष्मा टेबलावर, पट्टी-काडीच्या शेजारी ठेवून गेलो, आणि त्या दिवशी, वीस मिनिटं उरली असताना, टिक्, टिक्, टिक्, टिक्... टिक्! फिरलं! माझ्या हातानं, या शिक्के मारणाऱ्या हातानं, न मोडता, न वाकवता फिरलं! मी उभाच राहिलो. डॉक्टरांनी पाठ थोपटली, सगळ्या टेबलानं टाळ्या वाजवल्या, मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, “छान. बसा आता.” मला काय आनंद झाला म्हणून सांगू! निवृत्तीच्या समारंभात झाला नव्हता एवढा झाला.

त्याच भरात मी मुलीला पेटीचं सांगून टाकलं. ती म्हणाली, “पेटी कुणाची?” म्हटलं, हिची. “मग काकूंना विचारलंत का? आपला पहिला नियम काय? आपलं नसलेलं कुलूप मालकाच्या परवानगीशिवाय उघडायचं नाही.” अहो, पण माझीच बायको ना! “काका, नियम म्हणजे नियम.” म्हणजे बघा, परवानगी मागायची तर किल्लीचं कबूल करायला हवं! मी कचेरीतला माणूस, तोंडानं जमेना म्हणून लेखी अर्ज लिहिला. महोदया, उपरोक्त पेटीची किल्ली खाली सही करणाऱ्याकडून गहाळ झाली असून... असा व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर तिच्यापुढे सरकवला. तिनं कागद लांब धरला, जवळ धरला. “अहो, चष्मा कुठाय?” चष्मा कालपासून सापडत नव्हता! सगळं घर पालथं घातलं होतं. “मग मला काय दिसतंय? तुम्हीच वाचा.” आता मलाही काय दिसतंय! अर्ज सवयीनं, चष्म्याशिवायच लिहिलेला, त्यामुळे पाठ होता, पण तिच्या तोंडाकडे बघून ते महोदया आणि उपरोक्त सगळं बाजूला सारलं. कागद खाली ठेवला आणि म्हणालो, “किल्ली हरवली. मी हरवली. त्याच दिवशी.”

तिनं चहाचा घोट घेतला. मग एकदम हसायला लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि म्हणाली, “अकरा वर्षं लागली हो हे बाहेर यायला. उघडा, माझी परवानगी आहे.” आणि अंदाजानं सही केली, ती टेबलावरही गेली. मला इतकं हलकं वाटलं, इतकं हलकं, की म्हटलं त्या मुलीला आत्ता हात दाखवावा!

आला रविवार. जावई मशीन घेऊनच आले, वायर लावून, डोळ्यांवर तो मोठा चष्मा चढवून तयार! मी चटईवर मांडी घालून पेटीपुढे बसलो, पट्टी घातली, काडी घातली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. पितळी कुलूप, जुनं, मिजासखोर! दोन पिना बसतात आणि तिसरी काही ऐकत नाही, ती सुटली की सगळ्या सुटतात. जावई अदबीनं म्हणाले, “बाबा, दोनच मिनिटं...” माझा अंगठा दाबायला लागला, मलाच कळत होतं दाबतोय, आता काडी मोडणार, कुलूप कापलं जाणार... आणि मागून ही अगदी हळू म्हणाली, “तिसरी शेवटी घ्या. आणि हात हलका.” मी विचार न करता तिसरी सोडली, बाकीच्या चार घेतल्या, मग तिसरी... टिक्. आणि ते कुलूप, तुम्हाला सांगतो, लोण्यासारखं फिरलं! लेकीनं टाळ्या वाजवल्या, जावयांनीही वाजवल्या, जरा उशिरानं.

झाकण उघडलं. वर अल्बम. आणि अल्बमवर, घडी घालून, नीट ठेवलेला... माझा चष्मा!

अकरा वर्षं बंद असलेल्या पेटीत, बुधवारी हरवलेला चष्मा! लेक म्हणाली, “बाबा, हा इथे कसा?” मी हिच्याकडे पाहिलं. ही खिडकीबाहेर बघत होती, मान लाल झालेली. मग वळली आणि शांतपणे म्हणाली, “यांनीच नीट ठेवला असेल.” मी म्हणालो, हो, मीच ठेवला असेन. चष्मा लावला, अल्बम उघडला. पहिलाच फोटो, आम्ही दोघं शेजारी उभे, आणि मी हिचा हात असा आवळून धरलाय की बिचारीच्या चेहऱ्यावर हसू आणि कळ दोन्ही! लेक हसायला लागली, म्हणाली, “आई, तू बोलली का नाहीस?” ही म्हणाली, “तेव्हा तो जडच बरा वाटला होता.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. चष्मा लावलेला होता म्हणून बरं.

लेक-जावई गेल्यावर विचारलं, कुलूप उघडायला किती वेळ लागला गं तुला? “बुधवारी ना? तुमच्याच पट्टी-काडीनं, सात मिनिटं. त्यातली चार तुमचा चष्मा पुसण्यात गेली.” मग अल्बम बघत बसली, माझी चाहूल लागली तशी घाईनं कुलूप दाबलं, ते खट्कन बसलं, आणि चष्मा आतच! म्हणजे मी अर्ज पुढे सरकवला तेव्हा...? “माझी पेटी, माझं कुलूप. मला कुणाची परवानगी?”

आता बुधवारी तीही येते वर्गाला. मुख्याध्यापिका बाई तिला शेजारी बसवतात, डॉक्टर तिला विचारून कुलूप धरतात. गेल्या बुधवारी सगळ्यांत पहिलं प्रमाणपत्र तिलाच मिळालं. माझं अजून नाही, माझ्या काड्या मोडणं चालूच आहे. पण कामाला लावलंय हो मला! मुलीनं शिक्का हातात दिला आणि चौतीस वर्षांत कुणी म्हणालं नाही इतक्या प्रेमानं म्हणाली, “काका, इथे मात्र मारा जोरात.” मारला! असा मारला की टेबलावरची सगळी कुलुपं उडाली. हिचं प्रमाणपत्र वर होतं, शिक्का खालच्या तीन कोऱ्या प्रमाणपत्रांवरही उमटलाय... त्यातलं एक माझं, असं मी धरून चालतो.