सुग्रीवचं नाव मीच खोडलं

हॅलो?… हॅलो? जालना का?… पाळकसाहेब, सलाम! मी मंजुळा, गेवराईच्या दवाखान्यातली दाई… न्हाई, न्हाई, बाळंतिणी सगळ्या खुशाल हायत. निजाम सरकारच्या कचेरीतून बोलतेय. हितल्या पेशकारसाहेबांनी मेहेरबानी करून फोन लावून दिला, पण जल्दी करा म्हणतेत… ते ऐतवारच्या बाप्तिस्म्याचं हो. यादीचं.

हो… हो, मीच म्हणलं होतं! "आमच्या धन्याला प्रार्थना येत न्हाई, नाव खोडा…" अहो, ऐका तर! चुकलं माझं.

तिचा धनी सुग्रीव मुंडासं हातात घेऊन दाराशीच उभा होता. त्याच्याच नावाचा घोळ, अन् हा मूग गिळून गप्प! मंजुळा देवाशी बोलायला बसली की अख्खी गल्ली जागी व्हायची. हा बाबा हूं की चूं करायचा नाही.

देवाच्या मुठीचं मडकं ठावं हाय ना? दळायच्या आधी मूठभर बाजरी टाकायची, ते… माझं तोंड लई चालतं, मूठ महिनाभर विसरले. अन् काल बघते तर मडकं काठोकाठ!… कोण काय? ह्यांनीच!… इचारलं की. कशापायी टाकता, म्हणलं. तर म्हणले, "एक मूठ छबुबाईच्या तापाची, एक बंकटच्या लंगड्या बैलाची, एक तुझी." रोज पहाटं, साहेब. रोज एक माझी! अन् मी त्यांचंच नाव खोडून आले…

पेशकारानं घड्याळाकडं बोट दाखवलं, तशी तिनं त्याच्याकडं पाठ केली.

हो, बाप्तिस्म्याआधी प्रार्थना मोठ्यानं म्हणायचा मंडळीचा नेम हाय… पण ह्यांचा सोभावच तसा. रागावले तरी बोलत न्हाईत! मला तर काही कळंना झालंय. देव ऐकतो कुणाचं, माझं का ह्यांचं?… काय? आत्ता? फोनवर?… अहो धनी, धरा! साहेब म्हणतेत, प्रार्थना करा.

सुग्रीवनं फोन कानाला लावला, डोळे मिटले. ओठ काही हलेनात. मंजुळेनं कोपरानं ढोसलं, डोळे वटारले, शेवटी कपाळावर हात मारून घेतला. गेला बाप्तिस्मा! बऱ्याच वेळानं त्यानं फोन तिच्या हाती दिला.

हॅलो?… माफी करा, साहेब, हे काही… काय? तुमी बी डोळे मिटले होते?… नाव लिवलं?… अहो, पण ते एक शबूद बी… आमेन? कशाला आमेन म्हणलात?… हॅलो?… हॅलो?

फोन मुका झाला होता. मंजुळेनं पदर डोक्यावर घेतला अन् सुग्रीवच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग त्याच्यासारखेच डोळे मिटले.