कासवाचा भाग

कार्टून फक्त लेकरांनी बघावं म्हणता ना? मग आमच्या सखूआत्याचं ऐका.

दुष्काळाचं साल होतं. मी गावच्या दूध संस्थेत दुधाचं फॅट मोजायला होतो. म्हशी आटलेल्या, त्यामुळं बाया अर्धा-एक लिटर दूध घालून संस्थेच्या टीव्हीपुढं कार्टून बघत बसायच्या. आत्याला त्यातला एकच भाग लई आवडायचा. सिंह तळ्यावर झाकण घालतो अन् एकटाच पाणी पितो. मग कासव त्या झाकणावर जे बसतं, ते उठतच न्हाई. शेवटी सिंह सशाच्या मागं रांगेत उभा राहतो.

आमच्याकडं टँकर आला की आधी संस्थेच्या चेअरमनच्या घरचा हौद भरायचा, मग आमच्या घागरी. एक दिवस टँकर आला, तर आत्या त्या हौदाच्या झाकणावर मांडी घालून बसलेली.

"सखूबाई, उठा," चेअरमन म्हणाले.

"न्हाई उठत. आधी रांगेतल्या घागरी भरा."

"हे काय नाटक लावलंय?"

"नाटक न्हाई, कार्टून हाय. संस्थेत लागतंय. तुमी कधी येता तिथं?"

चेअरमन तापले. "उद्यापासून तुमचं दूध घेणार न्हाई!"

"म्हशीला पाणी न्हाई, तर दूध कुठलं आणू? नका घेऊ!"

चेअरमननी घरात बायकोला हाक मारली, "अगं, हिला जरा समजाव!"

त्या बाहेर आल्या त्या घागर घेऊनच. रांगेत सगळ्यात मागं उभ्या राहिल्या अन् नवऱ्याला म्हणाल्या, "मीबी बघितलाय तो भाग."